जिथे चूक लक्षात येते

मे महिना जवळ आला की बंगळुरूतल्या मराठी घरांतले फोन वाजू लागतात. कधी मिरजेहून आतेबहीण, कधी बेळगावहून काका, कधी नाशिकची जुनी शेजारीण. तब्येत, ऊन, आंब्याचा भाव इतकं बोलून झालं की मुद्दा येतो. "आमच्या लेकीला दोन महिने तुझ्याकडे पाठवलं तर चालेल का गं? इंटर्नशिप करायची म्हणते. तुमच्या ओळखीत कुठे असली तर बघ ना." कुठे, कशातली, असं विचारलं की पलीकडे क्षणभर शांतता. मग उत्तर येतं, "कुठलीही चालेल. सर्टिफिकेट मिळालं म्हणजे झालं."

या 'कुठलीही'पायी मुलांचे कितीतरी उन्हाळे वाया जातात. थंडगार खोलीत दोन महिने बसायचं, कोणी वाचणार नाही असा अहवाल लिहायचा, शेवटच्या दिवशी समोसे, ग्रुप फोटो आणि सही-शिक्क्याचा कागद. काय शिकलास म्हणून विचारावं तर मुलगा सांगतो, "टीमवर्क."

मराठीत या गोष्टीला एक जुना, नेमका शब्द होता: उमेदवारी. आता तो निवडणुकांनी पळवलाय. सरकारी कागदांत मात्र 'शिकाऊ उमेदवार' अजून टिकून आहे. वकिलाकडे, वैद्याकडे किंवा छापखान्यात उमेदवारी करणं म्हणजे काय, हे आपल्या आजोबांना समजावून सांगावं लागत नसे. पैसे थोडे किंवा मुळीच नाहीत, पण काम खरं आणि ते जाणत्याच्या नजरेखाली. म्हणून इंटर्नशिप असो की स्वयंसेवा, जागा निवडताना एकच प्रश्न धरून ठेवावा असं मी मुलांना सांगते: तिथे माझी चूक झाली, तर ती कोणाच्या लक्षात येईल?

कमला भागवतचं वर्ष

याच शहरात एका मराठी मुलीने केलेली उमेदवारी प्रसिद्ध आहे. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकाने पास झालेली कमला भागवत टाटांच्या विज्ञान संस्थेत, म्हणजे आजच्या आयआयएस्सीत, शिकायला निघाली. ठिकाण घरच्यांना परकं नव्हतं. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघेही तिथेच शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. लेखिका दुर्गा भागवत तिची बहीण. संस्थेचे संचालक होते सी. व्ही. रामन, त्यांना नोबेल मिळून तीनच वर्षं झाली होती. त्यांनी अर्ज नाकारला. कारण एकच, अर्जदार मुलगी आहे.

कमला मागे फिरली नाही. तिने जाब विचारला, हट्ट धरला आणि शेवटी अटींवर प्रवेश मिळवला. पहिलं वर्ष परीक्षेचं. कामाचा दर्जा संचालकांना पटला तरच ते काम धरलं जाणार. मार्गदर्शक सांगतील तर रात्री उशिरापर्यंत थांबावं लागणार. आणि तिच्या असण्याने प्रयोगशाळेतल्या पुरुषांचं लक्ष विचलित होता कामा नये! या अटी अपमानाच्याच होत्या. त्यांना 'कठोर शिस्त' म्हणून गौरवायचं काही कारण नाही, आणि पुढे कमलाबाईंनीही तसं कधी केलं नाही.

पण त्या वर्षात एक गोष्ट तिला भरभरून मिळाली, ती म्हणजे मार्गदर्शक एम. श्रीनिवासय्या यांची नजर. दूध, डाळी आणि कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर ती काम करत होती, आणि ते काम तपासलं जात होतं. वर्ष संपलं तेव्हा रामन यांना तिला नियमित संशोधनाची परवानगी द्यावी लागली, आणि त्यानंतर संस्थेचं दार इतर मुलींसाठीही उघडलं. १९३६ साली एम.एस्सी., मग केंब्रिज, आणि १९३९ साली डॉक्टरेट. पेशींच्या श्वसनात भाग घेणारं सायटोक्रोम-सी वनस्पतींमध्येही असतं, हे तिने दाखवलं. विज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक म्हणून कमला सोहोनी हे नाव आता पाठ्यपुस्तकांत येतं.

या गोष्टीतलं आपल्या कामाचं काय? वडील आणि काका त्याच संस्थेचे असूनही त्यांच्या नावावर तिला प्रवेश मिळाला नाही. घरच्यांमुळे तिला पत्ता माहीत होता. जागा तिने स्वतः मिळवली आणि कामाने टिकवली. फोन करणाऱ्या नातेवाइकांना मी हेच सांगते, की मी पत्ता देऊ शकते.

पेरणी दसऱ्याच्या आसपास

मग पत्ते कुठले? पहिली गोष्ट अशी की एप्रिलमध्ये शोधायला लागणं म्हणजे गाडी सुटल्यावर फलाटावर येणं. उन्हाळ्याचे चांगले कार्यक्रम आदल्या शरदातच अर्ज मागवतात. रामन यांनी १९३४ साली बंगळुरूत स्थापन केलेली भारतीय विज्ञान अकादमी, दिल्ली आणि प्रयागराजच्या दोन अकादम्यांच्या साथीने, विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांनाही उन्हाळी संशोधनवृत्ती देते. निवड झाली तर देशातल्या एखाद्या प्रयोगशाळेत दोन महिने काम आणि वर विद्यावेतन. जक्कूरचं जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र १९८९ साली उभं राहिलं. तिथेही असा स्वतंत्र उन्हाळी कार्यक्रम आहे. या ठिकाणी अर्ज करायला ओळख लागत नाही. गुणपत्रक लागतं, शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं आणि आपल्याला नेमकं काय करायचंय हे दीड पानात सांगता यावं लागतं.

दुसरा पत्ता कायद्यातला आहे. शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ चा कायदा आहे, आणि तीस किंवा त्याहून अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनांवर ठरावीक प्रमाणात शिकाऊ उमेदवार घेण्याचं बंधन आहे. करार लेखी असतो, मुदत ठरलेली असते आणि विद्यावेतनाची किमान रक्कम सरकारने बांधून दिलेली असते. पदवी-पदविकाधारकांसाठी सरकारी नोंदणी संकेतस्थळ आहे. आयटीआय झालेल्यांना तर बंगळुरूसारखं शहर नाही. इथली हिंदुस्थान एरोनॉटिक्स सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० च्या डिसेंबरात म्हैसूर संस्थानाच्या मदतीने सुरू केली. विमानाच्या कारखान्यात जोडकामाचं एक भोक तिरकं पडलं तरी ते तपासनिसाच्या नजरेतून सुटत नाही. चूक लक्षात येणारी याहून चांगली शाळा कुठली?

२०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेतही एक शहाणपणाची अट आहे. बारा महिन्यांपैकी निदान निम्मा काळ वर्गात न बसता प्रत्यक्ष कामात गेला पाहिजे. ही अट तुम्ही कुठल्याही खासगी इंटर्नशिपला लावून बघा. निम्म्या जागा तिथेच गळतील.

तिसरा पत्ता पायी फिरून सापडतो. आयआयएस्सी वर्षातून एक दिवस आपली दारं सगळ्यांना उघडते. त्या दिवशी प्रयोगशाळांतून फिरावं, प्रयोग दाखवणाऱ्या पीएचडीच्या मुलामुलींशी बोलावं. कोण रागावतो, कोण समजावून सांगतो, कोणाच्या गटात हसतखेळत काम चालतं, हे संकेतस्थळावर कळत नाही; तिथे पाच मिनिटांत कळतं.

आणि चौथा, सरळ पत्र लिहिण्याचा. एका प्राध्यापकाला रोज अशी कितीतरी पत्रं येतात, आणि त्यांतली बहुतेक एकाच साच्यातली असतात: आदरणीय महोदय, मला आपल्या क्षेत्रात प्रचंड रस आहे. कोणतं क्षेत्र, ते मात्र लिहिलेलं नसतं, कारण तेच पत्र शंभर जणांना गेलेलं असतं. त्यापेक्षा दहाच पत्रं लिहावीत. प्रत्येकात चारच गोष्टी असाव्यात. मी कोण आणि कितव्या वर्षाला. तुमचं कोणतं काम वाचलं आणि त्यात मला काय कळलं नाही. माझ्या हाताला काय येतं. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत येऊ शकते. 'काय कळलं नाही' हे लिहायला मुलं घाबरतात, आणि पत्रातला तोच भाग वाचला जातो. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदा, फक्त एकदा, आठवण करावी.

सेवेलाही तपासनीस लागतो

पैसे घेऊन केलेल्या कामात चूक चालत नाही आणि फुकट केलेल्या सेवेत सगळं चालतं, असा एक समज आहे. खरं तर उलट हवं. स्वयंसेवकाची चूक भोगणारा माणूस तक्रार करायच्या स्थितीतच नसतो.

लेखनिकाचं काम घ्या. बंगळुरूत समर्थनम्, मित्र ज्योती यांसारख्या संस्था अंध आणि अपंग विद्यार्थ्यांसाठी काम करतात, आणि परीक्षांच्या दिवसांत लेखनिकांची मोठी गरज असते. काम तीन तासांचं दिसतं. अशा परीक्षार्थींना दर तासामागे किमान वीस मिनिटं जादा मिळत असल्यामुळे प्रत्यक्षात ते चार तासांचं असतं. प्रश्न स्वच्छ वाचायचा, सांगितलं तेवढंच लिहायचं, उत्तर चुकीचं आहे हे दिसत असूनही गप्प बसायचं. शब्द गाळलात तर दुसऱ्याचे गुण जातात. ऐनवेळी "आज जमत नाही" म्हणालात तर दुसऱ्याचं वर्ष जातं. एका बैठकीत माणसाची जात कळते म्हणतात. इथे जबाबदारीची कळते.

ज्यांना रविवारची सकाळ देता येते, त्यांच्यासाठी तळी आहेत. पुट्टेनहळ्ळीच्या रहिवाशांनी २०१० साली विश्वस्त संस्था काढून आपलं तळं सांभाळायला घेतलं, आणि पुढच्याच वर्षी महापालिकेशी तसा करार केला. जक्कूर, कैकोंड्रहळ्ळी इथेही नागरिकांचे गट आहेत. गाळ, जलपर्णी, सांडपाण्याचं तोंड कुठे, झाड कुठलं लावायचं नाही, असं शिक्षण तिथे चिखलात उभं राहून होतं. रस्त्याकडेचे उकिरडे साफ करणाऱ्या 'द अग्ली इंडियन' या गटाचं ब्रीद तर 'काम चालू, मुँह बंद' असं आहे. नावं सांगायची नाहीत, भाषणं द्यायची नाहीत. प्रमाणपत्रासाठी येणाऱ्यांची तिथे साहजिकच निराशा होते.

कचऱ्याचं राजकारण समजून घ्यायचं असेल तर कचरावेचकांसोबत काम करणारं 'हसिरु दळ' आहे. हसिरु म्हणजे हिरवं. त्याच्या संस्थापकांपैकी नलिनी शेखर आधी पुण्यात होत्या. १९९३ साली उभ्या राहिलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या उभारणीत त्यांचा हात होता. पुण्यातला धडा इथे उपयोगी पडला.

पक्षी बघायची आवड असणाऱ्यांनी लालबागेतली महिन्याची पक्षीफेरी गाठावी आणि दिसेल ते ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवावं. अशक्य वाटणारा पक्षी नोंदवलात की कोणीतरी जाणता स्वयंसेवक विचारतो, शेपटी कशी होती, फोटो आहे का? हा प्रश्न पहिल्यांदा आला की अपमान वाटतो. दुसऱ्यांदा आपण शेपटी नीट बघायला शिकतो.

चंपारण्य ते मराठी गोष्टी

स्वयंसेवेची एक मोठी मराठी गोष्ट बंगळुरूशी आडवळणाने जोडलेली आहे. १९१७ साली गांधीजींनी चंपारण्यातल्या खेड्यांत शाळा काढायचं ठरवलं आणि स्वयंसेवक शिक्षक मागितले. बेळगावच्या गंगाधरराव देशपांड्यांनी बाबासाहेब सोमण आणि पुंडलीक यांना धाडलं. मुंबईहून अवंतिकाबाई गोखले आल्या, पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन. स्वयंसेविकांपैकी काहींना पेच पडला, हिंदी येत नाही तर शिकवायचं कसं? गांधीजींना व्याकरणाची फिकीर नव्हती. मुलांना आधी स्वच्छता आणि रीतभात यावी, एवढीच त्यांची अपेक्षा होती. औषधं तीनच दिली होती: एरंडेल, क्विनाइन आणि गंधकाचं मलम. प्रत्येकाला काय करायचं आणि काय करायचं नाही, हे इतकं आखून दिलेलं होतं. आज किती संस्था पहिल्या दिवशी स्वयंसेवकाच्या हाती अशी तीन औषधं ठेवतात?

भितिहरवा गावची शाळा सोमण आणि कस्तुरबांकडे होती. बांबू आणि गवताची ती झोपडी एका रात्री जळून गेली. सोमणांनी ठरवलं, आता पक्कं घर बांधायचं. ते स्वतः राबू लागले, त्यांचं बघून बाकीचे हात लागले आणि विटांची शाळा उभी राहिली. शिकवायला आलेला माणूस गवंडीकाम करून गेला. काम पुढ्यात येईल तसं उचलायचं असतं, ही अशा कामातली दुसरी अट. मात्र ती पहिल्या अटीनंतरची. आखून दिलेलं काम माहीत असेल, त्यालाच आखणीबाहेर जाण्याचा अधिकार.

या बाबासाहेबांची नात रोहिणी निलेकणी. बंगळुरूत २००४ साली सुरू झालेल्या 'प्रथम बुक्स'च्या संस्थापकांपैकी त्या एक. या संस्थेने २०१५ साली 'स्टोरीवीव्हर' नावाचं खुलं व्यासपीठ काढलं. तिथल्या मुलांच्या गोष्टी कोणीही मोफत वाचाव्यात, छापाव्यात, आपल्या भाषेत आणाव्यात. कन्नड न येणाऱ्या मराठी माणसाला या शहरातून करता येण्याजोगं याहून नेमकं काम मला माहीत नाही. सहा ओळींच्या गोष्टीचा मराठी अनुवाद करून घरातल्या सात वर्षांच्या पोराला वाचून दाखवावा. कुठे तो अडखळतो, कुठे उठून जातो, तेवढ्यावरून आपलं मराठी किती पुस्तकी झालंय ते कळतं. इतका निष्ठुर तपासनीस आयआयएस्सीतही मिळायचा नाही.

हो म्हणण्याआधी

जागा समोर आली की ती पारखायची कशी? सगळ्यात आधी विचारावं, "तिसऱ्या दिवशी माझ्या हातात कोणतं काम असेल?" पहिला दिवस ओळखीचा, दुसरा कॉम्प्युटर आणि ओळखपत्राचा. तिसऱ्या दिवसाचं उत्तर ज्याला देता येत नाही, त्याच्याकडे कामच ठरलेलं नाही. मग विचारावं, माझं काम कोण बघणार आणि आठवड्यातून किती वेळा. संस्थेचं नाव मोठं पण बघणारा माणूस दौऱ्यावर, यापेक्षा छोटी जागा आणि रोज शेजारी बसणारा माणूस बरा.

पैशांचं सरळ बोलावं. विद्यावेतन किती, कधी, नसेल तर निदान प्रवासखर्च. उलट कोणी तुमच्याकडेच नोंदणी शुल्क, अनामत किंवा प्रशिक्षणाचे पैसे मागितले, तर फोन ठेवून द्यावा. ती इंटर्नशिप नव्हे, शिकवणी आहे. आणि शिकवणीच हवी असेल तर शिकवणी म्हणून पारखून घ्यावी.

अंतर नकाशावर नव्हे, घड्याळावर मोजावं. जक्कूरला काम आणि इलेक्ट्रॉनिक सिटीत मावशीचं घर असेल तर मावशीचं प्रेम दुसऱ्या आठवड्यात आटतं, भाचीची झोप पहिल्याच. कामाच्या जवळ पीजी घ्यावं, मावशीकडे रविवारी जेवायला जावं.

भाषेचंही तसंच. प्रयोगशाळेत इंग्रजीवर निभावतं. सरकारी शाळेत, वस्तीत, रुग्णालयात 'कन्नड गोत्तिल्ला', म्हणजे कन्नड येत नाही, असं म्हणून निभावत नाही. 'ऊट आयता?', म्हणजे जेवण झालं का, एवढं विचारता आलं तरी समोरचा माणूस निम्मा आपला होतो. अजिबात येत नसेल तर भाषेवाचून होणारं काम मागावं: हिशेब, चित्रं, झाडं, अनुवाद.

आणि एक उलटी खूण. चांगली संस्था तुम्हालाच प्रश्न विचारते. मुलांसोबत काम असेल तर ओळखपत्र, पडताळणी, बालसुरक्षेच्या नियमांवर सही आणि वर्षभर येण्याचं वचन मागते. करुणाश्रयसारख्या ठिकाणी, जिथे १९९९ पासून शेवटच्या टप्प्यातल्या कर्करुग्णांची विनामूल्य शुश्रूषा होते, भावनेच्या भरात आलेल्या पाहुण्याचा उपयोग नसतो. दोन शनिवार येऊन मुलांना लळा लावून गायब होणाऱ्या ताई-दादांनी किती मुलांना रडवलंय, हे कुठल्याच प्रमाणपत्रावर छापलेलं नसतं. जी संस्था "या, कधीही या, काहीही करा" म्हणते, ती 'कुठलीही चालेल' म्हणणाऱ्या आईची जुळी बहीण समजावी.

महाविद्यालयांच्या तासांचा आणि गुणांचा हिशेब चुकत नाही. १९६९ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला एकशेवीस तास भरायचे असतात. राज्याच्या तांत्रिक विद्यापीठात समाजकार्याचे गुण जमवावे लागतात. ते भरावेतच. पण त्यासोबत एक साधी वही ठेवावी. रोज दोन ओळी: आज काय केलं, आज काय चुकलं. शिफारसपत्र मागायची वेळ येते तेव्हा हीच वही कामाला येते, कारण ज्याने चुका दाखवल्या त्यालाच तुमच्याबद्दल लिहिण्यासारखं काही असतं.

गेल्या उन्हाळ्यात एक भाची आमच्याकडे रविवारची जेवायला यायची. पहिल्या रविवारी तिने सांगितलं, "मावशी, सगळं मस्त आहे." मला काळजी वाटली. तिसऱ्या रविवारी ती तोंड पाडून आली. तीन दिवस केलेलं मोजमाप चुकीचं निघालं होतं, आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलीने तिला ते पहिल्यापासून करायला लावलं होतं. मी तिच्या पानात दुसरी पोळी वाढली आणि विचारलं, "चूक सापडली कशी?" ती अर्धा तास बोलत होती. पोळी गार झाली, तिचं लक्ष नव्हतं.